चोपन्न मीटरचं जहाज

ते जहाज बुडालं तेव्हा नेमकं किती लांब होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बुडाल्यानंतर मात्र ते वाढत होतं आणि त्याचा लेखी पुरावा कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाच्या फायलीत होता. पहिल्या तुकडीने त्याची लांबी एकोणपन्नास मीटर लिहिली होती. दुसऱ्या तुकडीने पन्नास. पाचव्या वर्षी ते बावन्नावर गेलं आणि मागच्या वर्षी, म्हणजे अकराव्या तुकडीच्या हातून, चोपन्न मीटरवर पोचलं. माणूस गेल्यावर त्याचा मोठेपणा वाढत जातो हे सर्वांनाच मान्य आहे. जहाजाला तो नियम लागू नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

याच्या मुळाशी विभागाची एक पद्धत होती. पाण्यात उतरण्याआधी सर फाईल उघडून मागच्या तुकडीची मापं मोठ्याने वाचून दाखवत. हेतू चांगला होता. खाली वेळ कमी, हवा मोजकी, पोरं पहिल्यांदाच समुद्रात उतरणारी. काय शोधायचं ते आधीच माहीत असलं की गोंधळ होत नाही. पोरं ते आकडे ऐकून उतरत आणि तेच आकडे, थोडी भर घालून, वर घेऊन येत. विभागाची टेप तीस मीटरची होती. दुसऱ्या टेपेसाठी नऊ वर्षांपूर्वी अर्ज केला होता आणि तो, कार्यालयाच्या म्हणण्याप्रमाणे, विचाराधीन होता. त्यामुळे तीस मीटरच्या पुढचं जहाज पोरं नजरेने मोजत. पाण्याखाली मास्कमधून पाहिलं की प्रत्येक वस्तू तिसऱ्या हिश्शाने मोठी दिसते, हे पहिल्याच तासाला शिकवतात. परीक्षेत त्याला दोन गुण असतात आणि ते सगळ्यांना मिळतात. समुद्राच्या तळाशी मात्र ते कुणालाही आठवत नाही. शिवाय मागच्या वर्षीपेक्षा कमी लिहायला छाती लागते, आणि पाण्याखाली छाती श्वास घेण्यातच गुंतलेली असते.

बाराव्या तुकडीत शंका होती. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. वर्गात प्रत्येक वाक्यानंतर हात वर करायची सवय, म्हणून शंका. या नावावरून जे विनोद होऊ शकतात ते सगळे पहिल्या सहामाहीतच होऊन गेले होते, त्यामुळे आता ते नुसतं नाव उरलं होतं. तिचे वडील पडद्यांच्या दुकानातर्फे घरोघरी मापं घ्यायला जात. गिऱ्हाइकाने सांगितलेलं माप खिडकीचं नसतं, हौसेचं असतं, हे त्यांचं आयुष्यभराचं संशोधन होतं. समोरचा माणूस कितीही ठामपणे 'पाच फूट' म्हणाला तरी ते मान डोलावून स्टुलावर चढत आणि टेप काढत. लहानपणी शंका त्यांच्याबरोबर टेपेचं दुसरं टोक धरायला जायची.

आईला समुद्रापेक्षा खोलीची काळजी जास्त होती. किती खाली जाणार म्हणून तिने फोनवर विचारलं. शंकाने सांगितलं, अठरा मीटर, म्हणजे सहा मजली इमारतीएवढं. आईने विचारलं की दोन मजले कमी नाही का करता येणार.

ज्या जहाजासाठी हे सगळं चाललं होतं ते सरांनी स्वतः कधीच पाहिलेलं नव्हतं. लहानपणी त्यांच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता आणि डोकं पाण्याखाली न्यायला डॉक्टरांची कायमची मनाई होती. अकरा वर्षं ते दर हिवाळ्यात बोटीवर बसून पोरांची वाट पाहत. पोरं वर आली की त्यांच्या हातातल्या प्लास्टिकच्या पाट्या घेत, त्यांवरची पेन्सिलीची चित्रं उतरवून घेत, आणि घरी जाऊन मोठ्या नकाशात ती जोडत. परगावच्या नातवाला आजोबा फोटोंवरून ओळखतात तसं ते त्या जहाजाला ओळखत. त्याचा प्रत्येक पत्रा त्यांना पाठ होता.

आणि त्याचं नावही त्यांनी शोधून काढलं होतं. शंभरेक वर्षांपूर्वी त्या किनाऱ्यावरून टपाल नेणारी एक आगबोट होती. एका संध्याकाळी ती एकशे बारा माणसं आणि पत्रांच्या थैल्या घेऊन निघाली ती कुठेच पोचली नाही. हीच ती, असा सरांचा सिद्धांत होता. सुरुवातीला त्यावर लोक हसले, मग चर्चा झाली, आणि आता बंदराच्या कार्यालयाने धक्क्यावर एक फलक बसवायचं ठरवलं होतं. पितळी अक्षरं तयार होती. पुढच्या महिन्यात समारंभ होता. त्या आगबोटीवर जिचे आजोबा होते अशी एक म्हातारी बाई देशाच्या दुसऱ्या टोकाहून प्रवास करून येणार होती. बाराव्या तुकडीने फक्त एक शेवटचं माप आणायचं होतं, म्हणजे फाईल पूर्ण.

सकाळी बोटीवर सरांनी नेहमीप्रमाणे वाचलं. एकूण लांबी, चोपन्न मीटर. शंकाने हात वर केला. तीसच्या पुढचं कसं मोजलं, असं तिने विचारलं. सर म्हणाले, अनुभवाने. अनुभव कुणाचा, हे तिला विचारायचं होतं, पण तेवढ्यात ताईने टाक्या तपासायला बोलावलं.

ताई म्हणजे त्यांना पाण्यात उतरवणारी बाई. पन्नाशीची, बुटकी, उन्हाने रापलेली, बंदराच्या भोंग्याला पर्याय म्हणून चालेल असा आवाज. तिचा एकच नियम होता: खाली कुणी शहाणपणा करायचा नाही, करायचा तो वर करा, इथे हवा फुकट आहे. शंकाच्या जोडीला बारीक होता. हे नाव ज्याने ठेवलं त्याला विनोदबुद्धी होती की नाही हा वेगळा प्रश्न, पण सगळ्या तुकडीत बुडायला सर्वांत जास्त शिसं बारीकलाच बांधावं लागे. स्वभावाने तो शांत होता आणि सांगितलेलं धरून ठेवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. टेपेचं शून्याचं टोक धरायला असाच माणूस लागतो.

शंकाच्या जाळीच्या पिशवीत विभागाची टेप होती, आणि तिच्याखाली दुसरी एक, पन्नास मीटरची, रस्त्यांची मोजणी करणाऱ्या लोकांकडून मागून आणलेली. ती ताईने पाहिली. म्हणाली, ओझं तुझं, हवाही तुझीच जाणार. सरांना कुणी काही बोललं नाही.

तरंगत्या पिंपाला बांधलेला एक दोर खाली जात होता. तो दोन-तीन हात नीट दिसायचा आणि मग हिरव्या रंगात विरून जायचा. त्याला धरून ते तिघे उतरले. शंका दर हातागणिक नाक दाबून कान मोकळे करत होती, आणि वरच्या लाटांचा आवाज कुणीतरी दार लावल्यासारखा बंद झाला. उरला तिचा स्वतःचा श्वास, आत खरखरत येणारा आणि बाहेर बुडबुड्यांचा गडगडाट करत जाणारा. आठ-नऊ मीटरवर अशी एक जागा आली की वर पृष्ठभाग नाही, खाली तळ नाही, चहूकडे सारखाच हिरवा उजेड. त्या सगळ्यात खरा म्हणावा असा एक दोर तेवढा होता. तिने तो असा पकडला की ताईने येऊन तिची बोटं एकेक करून सैल केली.

मग खालचा हिरवा रंग एका बाजूला काळसर झाला. तिला वाटलं तळ आला. तळाला कड नसते, ह्याला होती. ती कड सरळ होती. इतक्या वेळात पाण्यात तिने सरळ असं काहीच पाहिलं नव्हतं. मासे वळत होते, उजेड हलत होता, दोरसुद्धा झोके घेत होता. आणि त्या सगळ्या हलत्या पसाऱ्यातून एक रेघ, पट्टीने ओढल्यासारखी, एका बाजूच्या धुक्यातून येऊन दुसऱ्या बाजूच्या धुक्यात जात होती. ही रेघ माणसाने काढलेली आहे, हे कळायला तिला क्षणभर लागलं. कळलं तेव्हा अंगावर काटा आला. जाड रबरी पोशाखाखाली काट्याला जागा नव्हती, तरी आला.

जहाज वाळूत ताठ बसलं होतं. कललेलं नाही, आडवं पडलेलं नाही; कुणीतरी जपून ठेवल्यासारखं. दोर त्याच्या नाकाशी बांधलेला होता. ते नाक तिच्यासमोर तीन मजली घराच्या भिंतीसारखं उभं राहिलं. ते सगळं तपकिरी आणि करडं दिसत होतं, शेवाळलेल्या जुन्या भिंतीसारखं. तिने हातातली बॅटरी लावली. उजेडाचा गोल जिथे पडला तिथे रंग उगवला: शेंदरी, पिवळा, रक्तासारखा लाल, जांभळ्या बोटांसारखं काहीतरी पाण्यात हळूहळू मुठी मिटत आणि उघडत होतं. गोल पुढे सरकला की मागचं पुन्हा करडं. म्हणजे हे सगळे रंग इथे शंभर वर्षं होते आणि ते पाहायला कुणीतरी उजेड घेऊन येण्याची त्यांना काडीची गरज नव्हती. तिने बॅटरी विझवली, पुन्हा लावली, पुन्हा विझवली. बारीक टेपेचं टोक घेऊन वाट पाहत होता. ताईने मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं.

काम सोपं होतं. नाकाशी विभागाने ठोकलेला एक खिळा होता. त्यावर बारीकने शून्य धरलं आणि तो तिथेच राहिला, जसा देवळात खांब राहतो. शंका टेप सोडत मागे निघाली. पायाखालून डेक सरकत होता. फळ्या केव्हाच गेल्या होत्या. उरल्या होत्या लोखंडी आडव्या तुळया, आणि त्यांच्यामधून खालच्या अंधारात पाहता येत होतं. त्या अंधारात लहान चंदेरी मासे हजारोंनी स्थिर उभे होते, सगळ्यांची तोंडं एकीकडे, सभा सुरू व्हायची असावी तशी. ती वरून गेली तेव्हा ते एकाच वेळी दोन हात बाजूला झाले आणि ती गेल्यावर एकाच वेळी परत आले. एका दारातून जाडजूड, ओठ पुढे आलेला एक मासा अर्धा बाहेर आला, त्याने तिच्याकडे परवाना मागितल्यासारखं पाहिलं आणि परत आत गेला.

मधोमध जहाजाचं पोट होतं. ते काठोकाठ चिखलाने भरलेलं होतं, वरून सपाट, साय धरलेल्या दुधासारखं. हे फायलीत होतं. शंभर वर्षांत समुद्राने भरलेला गाळ, असं सर सांगत. फायलीत नव्हतं ते असं, की पोटाच्या दोन्ही कडांवरून साखळ्या खाली गेल्या होत्या. एकेक कडी तिच्या मांडीएवढी. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार, सगळ्या ताठ, चिखलात शिरलेल्या, जणू खाली काहीतरी आहे आणि ते अजून धरून ठेवायचं आहे. तिने पाटीवर त्या काढल्या. आधी घाईने, मग घाई सोडून.

तीस मीटरवर विभागाची टेप संपली. तिथे पिछाडीकडचं अजून काहीच दिसत नव्हतं, नुसतं हिरवं. आजवरच्या अकरा तुकड्या इथे थांबल्या होत्या, डोळे बारीक करून पुढे पाहिलं होतं, आणि 'अंदाजे' लिहून मागे वळल्या होत्या. तिने टोकाच्या कडीला दुसऱ्या टेपेची कडी अडकवली आणि पुढे निघाली.

चोपन्नसाठी तिला अजून चोवीस मीटर जायचं होतं. तेवढी तयारी मनाने केलेली होती. पण दुसरी टेप अजून निम्मीही उलगडली नसेल तोच जहाज संपलं. डेक गोल होऊन खाली वळला आणि पुढे वाळू होती. ती कडेवरून खाली उतरली. तिथे सुकाणूचा पत्रा होता आणि त्याच्यापुढे, अर्धा वाळूत गाडलेला, पंखा. वर आलेलं एकच पातं तिच्या डोक्याहून उंच. त्यावर हात ठेवला. थंड होतं, आणि तिच्या बोटांनी ढवळलेली माती हळूच वर येऊन तिच्याच बाहीवर बसली.

तिने आकडा पाहिला. सोळा पूर्णांक तीन. तीस आणि सोळा. तिला वाटलं टेप कुठेतरी अडकली. मागे जाऊन पाहिलं. टेप नाकापासून सरळ होती. बारीकने तीन वेळा ओढून खूण केली, तिने तीन वेळा ओढून उत्तर दिलं. पुन्हा ताणली. सोळा पूर्णांक तीन. पाटीवर 'एकूण लांबी' असा रकाना होता आणि तिची पेन्सिल त्याच्यावर थांबली. सकाळी ऐकलेला चोपन्न तिच्या जिभेवर तयार होता. लिहिला असता तर कुणालाही कळलं नसतं, गुण पूर्ण मिळाले असते, फलक लागला असता. तिने ४६.३ लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

मग ती कडेच्या वर येऊन वळली, आणि तिला मागून पुढपर्यंत जहाज दिसलं. पाणी त्या घटकेला एकदम निवळलं होतं. एक आख्खी लोखंडी वस्तू, तिच्या तुळया, कडा, आणि पत्रे जोडणारे खिळे, ओळीने, हजारो. प्रत्येक खिळ्यावर कुणीतरी हातोडा मारला होता. तापलेला खिळा कुणी धरला असेल, कुणी मारला असेल, जेवायची सुट्टी झाली असेल, पुन्हा पुढचा खिळा. ते सगळे गेले. जहाज ज्या कामासाठी केलं ते काम गेलं. आणि हे इथे बसून होतं, माशांनी भरलेलं, कुणाला काही न सांगता. दूर नाकाशी बारीक ठिपक्याएवढा दिसत होता आणि त्याचे बुडबुडे वर चढताना मोठे होत, उजेड पकडत, चांदीच्या थाळ्यांसारखे हेलकावत जात होते. तिला मोजायचं काही उरलं नव्हतं. ताईने येऊन तिच्या हवेच्या काट्यावर बोट ठेवलं आणि अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठा वर करण्याचा अर्थ 'छान' असा नसतो, 'चला वर' असा असतो. शंकाने दोन्ही अर्थांनी अंगठा वर केला.

वर आल्यावर सरांनी हात पुढे करून पाटी घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचली. मग पुन्हा वाचली.

"कुठून कुठपर्यंत मोजलंत?"

"नाकापासून शेपटीपर्यंत, सर. दुसरी टेप नेली होती."

"टेप ढिली राहिली असेल."

"ढिली असती तर जास्त आलं असतं, सर."

बारीकने तोंडातलं पाणी थुंकलं आणि तो कधी नव्हे ते कुणी न विचारता बोलला. म्हणाला, शून्य माझ्याकडे होतं, हललं नाही. सरांनी मान हलवली. ते पाटी मांडीवर घेऊन बसून राहिले. बोट निघाली, धक्का दिसू लागला, तेव्हा ते तिच्याजवळ आले आणि हळू आवाजात एवढंच म्हणाले की हा आकडा दोघांनीही कुणाला सांगायचा नाही, उद्या उतरणाऱ्या जोडीला तर मुळीच नाही.

"दाबलं," बारीक कपडे बदलताना म्हणाला. शंका केस पिळत राहिली. तिलाही तेच वाटत होतं आणि वाटतंय याची लाजही वाटत होती.

मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळचं जेवण लवकर असे. लांब टेबलावर प्लास्टिकचा फुलाफुलांचा कपडा, वर चिकटणारी मिठाची बाटली. उद्याची जोडी म्हणजे जुळ्या. त्या दोघींचं एकमेकींशी काही नातं नव्हतं, पण तीन वर्षांत त्यांना वेगवेगळं कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी शंकाला छळ छळ छळलं. चोपन्नच ना? की पंचावन्न झालं? एक जुळी म्हणाली, आपण साडेपंचावन्न करू, आपल्या तुकडीचं काहीतरी नाव राहायला हवं. शंकाने ताटात मान घातली. सर जेवायला आले नाहीत.

जेवण झाल्यावर ती वर गेली तेव्हा सरांच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगभर नकाशा पसरलेला होता आणि चार कोपऱ्यांवर दोन बूट, पाण्याचा तांब्या आणि मोबाईल ठेवलेला होता. सर खुर्चीत बसून बंदराच्या जुन्या नोंदवहीच्या झेरॉक्स पाहत होते. त्यांनी तिला आत बोलावलं आणि एक पान पुढे केलं. टपालाची आगबोट: लांबी चोपन्न मीटर. त्याच्यावर पानभर मजकूर, चौकशी, साक्षी, नावांची यादी. दोन पानं पुढे, त्याच वर्षीची, दीड ओळीची दुसरी नोंद होती. बंदरातला गाळ भरून खोल समुद्रात नेऊन टाकणारं जहाज. लांबी सेहेचाळीस मीटर. बुडालं. अकरा खलाशी होडीने किनाऱ्याला लागले, सगळे सुखरूप. बस.

"हे आपण वगळलं होतं," सर म्हणाले. "लांबी जमत नव्हती म्हणून."

मग जरा वेळाने, तिच्याकडे न पाहता, त्यांनी सांगितलं की पहिल्या तुकडीने एकोणपन्नास आणलं तेव्हा ते पोरांना म्हणाले होते, थोडं जास्त असायला हवं. पोरं चांगली होती. पुढच्यांनीही कधी निराश केलं नाही. एवढं बोलून त्यांनी एक बूट उचलला, नकाशाचा तो कोपरा आपोआप गुंडाळला गेला, आणि त्यांनी तो पुन्हा सरळ करून बूट परत ठेवला. उद्या काय करणार हे त्यांनी सांगितलं नाही. त्या म्हाताऱ्या बाईचं पत्र टेबलावर होतं. अक्षर थरथरीत होतं, पण एकही काट नव्हती.

दुसऱ्या दिवशी बोटीवर जुळ्या पोशाख चढवून, पेन्सिली तयार ठेवून बसल्या. सरांनी पिशवीतून फाईल काढली. शंका बोटीच्या कडेला लाकूड घट्ट धरून बसली होती. सरांनी फाईल उघडली. पानावर बोट ठेवलं. त्यांचे ओठ हलले, बारा वर्षांच्या सवयीने, आणि थांबले. त्यांनी फाईल मिटली आणि तिच्यावर बसले.

"आज आकडा नाही," ते म्हणाले. "तुम्ही आणाल तो."

जुळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मग त्यांतली एक म्हणाली, "पण सर, मग खाली शोधायचं काय?"

"जहाज," सर म्हणाले.

दोन्ही टेपा घेऊन त्या ताईबरोबर उतरल्या. वर राहिलेल्यांना बघायला बुडबुडे होते. बोटवाले काका म्हणाले की बुडबुड्यांवरून खाली कोण घाबरलंय ते कळतं, आणि या पोरी घाबरलेल्या नाहीत, वर मात्र दोन घाबरलेली माणसं आहेत. सरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बुडबुडे पिंपाजवळ निघाले, हळूहळू मागे सरकत गेले, एका ठिकाणी बराच वेळ थांबले. सर आणि शंका दोघंही पिंपापासून त्या जागेपर्यंतचं पाणी नजरेने मोजत होते आणि दोघांनाही नजरेचा भरवसा उरला नव्हता.

पाऊण तासाने जुळ्या वर आल्या. एकीच्या चेहऱ्यावर मास्कची गोल खूण आणि तिच्या आत पार भेदरलेले डोळे. पाटी देताना म्हणाली, सेहेचाळीस पूर्णांक दोन, दोनदा मोजलं, सर, आमचं काहीतरी चुकलंय का.

"नाही," सर म्हणाले. "तुमचं नाही."

ते बसले. त्यांनी दोन्ही पाट्या शेजारीशेजारी ठेवल्या. मग शंकाला विचारलं की काल तू साखळ्या काढल्यास त्या कुठे होत्या. तिने सांगितलं, पोटाच्या दोन्ही बाजूंनी, चार आणि चार, ताठ, खाली गेलेल्या. किती जाड? तिने मांडी दाखवली. खाली कुठे गेल्या होत्या? गाळात. सरांचा चेहरा हळूहळू बदलू लागला. ते आता तिच्याशी बोलत नव्हते.

"तळाला दारं होती," ते म्हणाले. "खोल पाण्यात गेलं की साखळ्या सोडायच्या, दारं उघडायची, गाळ खाली. म्हणजे तो गाळ समुद्राने भरलेला नाही. तो होताच. अकरा वर्षं पोरं मला सांगतायत, पोट काठोकाठ भरलंय, आणि मी..." त्यांनी टोपी काढली. "माल आहे तो. जहाज आपला माल घेऊन बसलंय."

खाली, सहा मजले खाली, शंभर वर्षांपूर्वीच्या बंदराचा चिखल, कुण्या मजुरांनी उपसलेला, जिथे टाकायला नेला होता तिथे न पोचता, आठ साखळ्यांनी अजून धरून ठेवलेला होता. बारीक उठून उभा राहिला आणि पाण्याकडे पाहत राहिला, आणि बोट त्याच्या बाजूला कलली तरी त्याला कुणी बस म्हणालं नाही.

सरांनी तिथूनच बंदराच्या कार्यालयाला फोन लावला. पलीकडच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की आठ मीटरचं काही जुळवून घेता येणार नाही का, कारण पितळी अक्षरं येऊन पडली आहेत. सर म्हणाले, नाही. साहेबांनी विचारलं, मग गाळाच्या जहाजाचा फलक लावायचा का. सर म्हणाले, लावा, त्यातली अकराच्या अकरा माणसं घरी गेली, असा फलक कुठे असतो. त्या म्हाताऱ्या बाईंना मात्र ते स्वतः कळवणार होते. फोन ठेवून ते पिंपापलीकडच्या मोकळ्या समुद्राकडे बघत राहिले. म्हणजे ती आगबोट अजून सापडायचीच आहे, असं ते स्वतःशीच म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण ते दुःख खुर्चीत बसून राहणाऱ्या माणसाचं नव्हतं.

बोटवाल्या काकांनी इंजिन सुरू केलं. त्या आवाजात सरांनी शंकाला जवळ बोलावलं. त्यांना काहीतरी विचारायचं होतं आणि बाकीच्यांनी ऐकू नये असं वाटत होतं.

"आठ मीटर कमी झालं," ते म्हणाले. "खाली गेल्यावर लहान वाटतं का गं ते?"

शंकाने विचार केला. तिला सरळ रेघ आठवली, बॅटरीच्या गोलातले रंग, एकेक खिळा.

"नाही, सर. नजरेत मावत नाही."

सर बाकावर थोडे सरकले आणि शेजारची जागा हाताने पुसली. पाटी मागितली नाही, पेन्सिल काढली नाही. आपला चांगला कान तिच्याकडे केला.

"बस," म्हणाले. "मापं राहू देत. दोर धरलास तिथपासून सांग."